पंपाचं काय?

दर दहा सेकंदांनी मी दार वाजवते.
मी म्हणजे मी नाही, मी लिहिलेल्या सात ओळी.
तीन सर्व्हर, तिघांना तोच प्रश्न:
आहेस का?
आहे.
आहेस का?
आहे.
दोन सेकंदांत ओ आली नाही तर एक खूण.
लागोपाठ तीन खुणा, की यादीतून नाव कमी.
रडारड नाही, तेरावं नाही.
पत्ता विचारत येणाऱ्याला
उरलेल्या दोघांचा पत्ता मिळतो.

मे महिना, गोपालनगर, दुसरा मजला.
रात्रीचे पावणेतीन,
आणि भिंतीला अजून पाठ टेकवत नाही.
धंतोलीच्या रक्तपेढीतून फोन:
"मॅडम, बी निगेटिव्हच्या पिशव्या किती,
दिसूनच नाही राहिल्या."
मी स्क्रीनकडे पाहिलं. तिन्ही दिवे हिरवे.
"सगळं चालू आहे," म्हणाले.
"चालू असन हो," पलीकडून बोरकुटे म्हणाले,
"पण आकडा कुठं आहे?"

सर्व्हर खोटं बोलत नव्हते.
मी विचारलं तेवढंच सांगत होते.
उंबऱ्यावरून हाक मारली, आतून ओ आली,
मी पुढच्या घराकडे वळले.
चूल पेटली का, हे विचारलंच नव्हतं कधी.
डेटाबेसशी जोडलेला धागा
संध्याकाळीच तुटून पडला होता.

कूलरही चालूच होता.
तीच घरघर, तीच फिरती पाती,
आणि तोंडावर झळ.
परवाच इस्राईलभाईंनी जाळी काढून
वाळ्याच्या ताटीवर तळहात ठेवला होता,
कोरडा हात मला दाखवला होता:
"ताई, तुमी आवाज ऐकून खूष.
आवाज तर पंख्याचा असते.
पंपाचं काय?"
मी म्हटलं होतं, पगार झाल्यावर बघू.

तपासणी नव्याने लिहायला घेतली.
नुसतं "आहे" चालणार नाही.
आत जा, एक आकडा उचल, कुठलाही,
आणि ओल्या हाताने परत ये.

खामल्यात सौमित्र ढोबळे जागाच होता.
"इतकं खोलात शिरशील," तो म्हणाला,
"तर डेटाबेसला एक शिंक आली
की तिघंही एकदम यादीबाहेर.
मग पत्ता विचारणाऱ्याला देशील काय,
कोरा कागद?"

बरोबर होतं त्याचं. राग आला तरी बरोबर होतं.

म्हणून दोन प्रश्न केले, वेगवेगळे.
जिवंत आहेस? नसशील तर तुला पुन्हा उठवू.
कामाला येशील आत्ता? नसशील तर बस बाजूला,
तुझ्याकडे कुणाला पाठवणार नाही.
परत यायचं असेल तेव्हा
दोन उत्तरं नीट दे, लागोपाठ.
आणि तिघंही एकदम नापास झाले
तर कुणाचंच नाव खोडू नकोस.
अशा वेळी चूक बहुधा विचारणाऱ्याची असते.
मला उठव.

शेवटची ओळ उगाच लिहिली, की उगाच नाही:
नुकत्याच जागं झालेल्याला
चाळीस सेकंद काहीही विचारू नये.

तीन खुणा की दोन, यावर मात्र अडले.
दोन ठेवल्या तर नुसत्या ठसक्यावर माणूस बाद.
तीन ठेवल्या तर तीस सेकंद
कुणीतरी बंद दारासमोर
पिशव्या मोजायला उभं.
तीनच ठेवल्या. खात्री नाही.

चार वाजता बोरकुट्यांचा मेसेज:
"दिसल्या. अकरा."
मी बदल जतन केला, खाली कारण लिहिलं:
पंपही तपासा.

नऊ वाजता सौमित्रचा फोन, "कोणता पंप?"
मी बादलीने ताट्यांवर पाणी मारत होते,
केस उभे, डोळे अर्धे,
पाणी पायावरून बाल्कनीकडे चाललेलं.
थांब, म्हटलं.
चाळीस सेकंद.